अवकाशांतील सूक्ष्म आघात आणि त्यांची चाहूल

रात्रीं कौलांवर खडा पडला तर घरांतील माणूस दचकून जागा होतो. धांवत्या आगगाडीच्या डब्यावर दगड आदळला तर आंतील उतारूंच्या माना एकदम खिडकीकडे वळतात. दगड कोणीं मारला, कोठें लागला, कांच फुटली कीं काय, ही सारी चौकशी मागाहून होते. पहिली वर्दी मिळते ती कानाला. पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या उपग्रहाची स्थिति याहून निराळी आहे. त्याच्या अंगावर बारीकसारीक कण अहोरात्र आदळत असतात. परंतु तो आवाज ऐकावयास तेथें कोणी नसतें, आणि सभोंवतीं हवाच नसल्यामुळें आवाजास बाहेर पडावयास वाटहि नसते. तेव्हां उपग्रहासच कान द्यावा लागतो. हा कान कसा बनवितात, तो कधीं कधीं कसा फसवितो, आणि तो नसला तर काय ओढवतें, हा मोठा उद्बोधक विषय आहे.

हे कण दोन कुळांतले. धूमकेतु आणि लघुग्रह यांच्यापासून सुटलेली धूळ हें एक कुळ. तें अनादि आहे. दुसरें कुळ मनुष्यानें १९५७ नंतर निर्माण केलें. फुटलेल्या अग्निबाणांचे तुकडे, निकामी उपग्रहांचे अवशेष, उन्हानें सुटलेले रंगाचे पोपडे असा हा केरकचरा आहे. घरांतील केर झाडून कोपऱ्यांत लोटला म्हणजे तेथें स्वस्थ पडून राहतो. हा केर मात्र सेकंदास सात-साडेसात किलोमीटर वेगानें पृथ्वीप्रदक्षिणा घालीत असतो. दोन वस्तु निरनिराळ्या दिशांनीं येऊन भिडल्या म्हणजे त्यांचा परस्परसापेक्ष वेग सरासरीनें सेकंदास दहा किलोमीटरच्या घरांत जातो.

या वेगाचा अर्थ थोड्या गणितानें स्पष्ट होईल. एक मिलिमीटर व्यासाची, म्हणजे मोहरीच्या बारीक दाण्याएवढी, अल्युमिनियमची गोळी घेतली तर तिचें वजन दीड मिलिग्रॅमहि भरत नाहीं. परंतु सेकंदास दहा किलोमीटर वेगानें जातांना तिच्या ठायीं सुमारें ७० ज्यूल ऊर्जा असते. क्रिकेटचा चेंडू ताशीं १०५ किलोमीटर वेगानें टाकला तर त्यांतहि साधारण तेवढीच ऊर्जा असते. भेद एवढाच कीं, चेंडूची ऊर्जा तळहाताएवढ्या जागेवर पसरते आणि या गोळीची सुईच्या अग्राएवढ्या जागेंत उतरते. गोळी एक सेंटिमीटरची धरली, तर तिची ऊर्जा ताशीं ४०-४५ किलोमीटर वेगानें जाणाऱ्या लहान मोटारीइतकी होते.

हें केवळ कागदावरचें गणित नव्हे. १९८३ च्या जून महिन्यांत ‘चॅलेंजर’ हें यान आपली दुसरी सफर करून परत आलें, तेव्हां त्याच्या पुढील कांचेंत सुमारें ४ मिलिमीटर रुंदीची खळी पडलेली दिसली. आंत सांपडलेल्या अवशेषांवरून तो पराक्रम पांढऱ्या रंगाच्या एका पोपड्याचा असल्याचें ठरलें. त्या पोपड्याचा आकार होता एका मिलिमीटरचा पांचवा हिस्सा! ती कांच बदलावी लागली.

दहा सेंटिमीटरांहून मोठे तुकडे जमिनीवरील रडारला दिसतात; त्यांच्या वाटा ठाऊक असतात व यानास बाजूला होतां येतें. अगदीं सूक्ष्म धूळ कवच खरवडते, त्यापलीकडे तिची फारशी मजल जात नाहीं. खरा घोर आहे तो मधल्यांचा. एक मिलिमीटर ते एक सेंटिमीटर या आकाराचे सुमारें १३ कोटी तुकडे पृथ्वीभोंवतीं फिरत असावेत, असा युरोपीय अवकाश संस्थेचा अंदाज आहे. हे रडारला दिसत नाहींत, आणि साध्या उपग्रहाचा पत्रा त्यांना अडवीत नाहीं. त्यांची मोजदाद करावयाची तर त्यांच्या वाटेंत जाऊन उभें राहणें, आणि ते अंगावर आदळले म्हणजे त्यांची नोंद घेणें, हाच मुख्य उपाय उरतो.

आघात झाला म्हणजे नेमकें काय होतें? एवढ्या वेगानें येणारा कण पत्र्यांत नुसता रुतत नाहीं. कण आणि त्याखालचा पत्रा दोन्ही एका क्षणांत वितळतात, त्यांची वाफ होते, आणि त्या वाफेंतील कांहीं अणूंचे विद्युत्कण सुटे होऊन विद्युद्भारित वायूचा एक इवलासा ढग उसळतो. पत्र्यांतून कंपनांची लाट पसरते. पत्रा पातळ असेल तर भोंक पडतें. यानाला धक्काहि बसतो. परंतु तो फारच अल्प. वर सांगितलेल्या चेंडूची आणि गोळीची ऊर्जा सारखी असली, तरी ढकलण्याच्या शक्तींत चेंडू गोळीहून तीनशेंपेक्षां अधिक पटींनीं भारी आहे. म्हणूनच एवढा घाव बसूनहि यान जागचें फारसें हलत नाहीं. कंपन, भोंक, विद्युद्भार आणि धक्का यांपैकीं कोणत्या तरी एका खुणेवर या विषयांतील बहुतेक उपकरणें उभारलेलीं आहेत.

सर्वांत जुना मार्ग कंपनाचा. पिएर आणि जाक क्युरी या दोघां फ्रेंच बंधूंनीं १८८० सालीं असें दाखविलें कीं, कांहीं स्फटिक दाबले असतां त्यांच्या पृष्ठांवर विद्युद्भार उमटतो. स्वयंपाकघरांत कळ दाबली कीं टक् आवाज करून ठिणगी पाडणारा जो गॅसचा लायटर असतो, त्याच्या पोटांत हाच गुण काम करतो. जुन्या ग्रामोफोनच्या सुईमागेंहि असाच स्फटिक बसवीत असत. सुई थरथरली कीं त्यांतून विद्युत्स्पंद निघत आणि त्यांचें गाणें होई. असा स्फटिक यानाच्या पत्र्यास आंतून चिकटविला, कीं बाहेर कण आदळतांच त्याची थरथर विजेच्या रूपानें मिळते. असे तीन-चार स्फटिक निरनिराळ्या ठिकाणीं बसविले तर आघाताची जागाहि काढतां येते. अल्युमिनियमच्या पत्र्यांतून कंपन सेकंदास सुमारें पांच किलोमीटर वेगानें जातें. म्हणजे एक मीटर अंतर तोडण्यास त्याला एका सेकंदाचा पांचहजारावा हिस्सा लागतो. जो स्फटिक जवळ असेल त्याला वर्दी आधीं मिळते, दूरच्याला मागाहून. वर्दींतील या अंतरावरून जागा ठरविणें हें भूमितींतील एक सोपें उदाहरण होय.

अमेरिकेचा पहिला उपग्रह ‘एक्सप्लोरर-१’ ३१ जानेवारी १९५८ रोजीं उडाला, तेव्हां त्यावर असा एक ध्वनिग्राहक होता. त्याशिवाय अत्यंत बारीक तारेचीं वेटोळीं दिलेल्या बारा चकत्या होत्या. कणानें तार तोडली कीं प्रवाह बंद पडावा, एवढी साधी युक्ति. ध्वनिग्राहकानें ७८,७५० सेकंदांत, म्हणजे बावीस तासांहून किंचित् कमी वेळांत, १४५ आघात नोंदविले. पुढील कांहीं वर्षांत अमेरिकेच्या व रशियाच्या इतर यानांवरील ध्वनिग्राहकांनींहि अशाच भरघोस नोंदी पाठविल्या. या आंकड्यांवरून पृथ्वीभोंवतीं धुळीचा एक दाट पट्टा असला पाहिजे, असें अनुमान निघालें आणि तें विद्वानांच्या लेखांत रुजलें. सूर्यास्तानंतर पश्चिमेस दिसणाऱ्या मंद राशिचक्रीय प्रकाशावरून धुळीचें जें मान निघत होतें, त्याच्या कित्येक पटींनीं हें मान अधिक होतें. तरीहि यंत्र सांगतें तें खरेंच असणार, अशी बहुतेकांची समजूत होती.

या समजुतीस धक्का दिला निल्सन नांवाच्या एका संशोधकानें. त्यानें तेच स्फटिक घेऊन प्रयोगशाळेंत त्यांचें उष्णतामान हळूहळू बदललें, आणि कोणताहि कण आदळत नसतां ते स्फटिक आपण होऊन टिकटिक करूं लागले! १९६६ सालीं त्यानें हें प्रसिद्ध केलें. उपग्रह प्रत्येक प्रदक्षिणेंत उन्हांतून सावलींत व सावलींतून उन्हांत जातो. दिवसभर तापलेलें पत्र्याचें छप्पर संध्याकाळीं कडकडतें, त्याच जातीचा हा प्रकार. ज्यास धुळीचा वर्षाव समजलें, त्याचा पुष्कळसा भाग स्फटिकाचाच आवाज होता. धुळीचा तो दाट पट्टा पुढें शास्त्रांतून नाहींसा झाला. या शाखेंत जे कांहीं शहाणपण आलें त्याची मुळाक्षरें येथें गिरविलीं गेलीं, असें म्हणण्यास हरकत नाहीं; कारण यापुढें जो जो संवेदक बनला, त्याच्या कर्त्यास पहिला प्रश्न हाच पडूं लागला कीं, कांहींच आदळलें नसतां हा काय बोलेल?

दरम्यान चंद्रावर माणूस पाठविण्याचा घाट घातला गेला होता, आणि यानाची भिंत किती जाड ठेवावी हा प्रश्न कांहीं केल्या टाळतां येण्यासारखा नव्हता. जाडी वाढवावी तर वजन वाढतें. कमी करावी तर आंतील माणसांचा जीव धोक्यांत. फ्रेड व्हिपल या ज्योतिर्विदानें १९४७ सालींच असें सुचविलें होतें कीं, मुख्य भिंतीपुढें थोड्या अंतरावर एक पातळ पत्रा उभा करावा, म्हणजे कणाचा तेथेंच चुरा होईल आणि आंतल्या भिंतीवर नुसता फवारा येईल. युक्ति नामी होती व ती पुढें सर्वत्र स्वीकारली गेली. पण किती मोठे कण, किती वेळां येतात, हें मोजल्यावांचून पत्रा तरी किती जाड घ्यावा?

हा आंकडा मिळविण्यासाठीं १९६५ सालीं ‘पेगासस’ नांवाचे तीन उपग्रह सोडण्यांत आले. नांव पंख असलेल्या घोड्याचें, आणि पंखहि तसेच विशाल. टोंकापासून टोंकापर्यंत सुमारें २९ मीटर. हे पंख म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून पसरलेले कंडेन्सर होते. रेडिओच्या पेटींत जो कंडेन्सर असतो त्यांत दोन वाहक पत्रे व त्यांमध्यें एक रोधक थर असतो. दोन्ही पत्र्यांवर विद्युद्भार साठवून ठेवतां येतो. पेगाससच्या फलकांवर बाहेरून अल्युमिनियमचा पत्रा, मध्यें मायलर नांवाचा रोधक पापुद्रा, आणि आंत तांब्याचा अतिशय पातळ थर होता. कण आरपार गेला कीं क्षणभर दोन्ही बाजू जोडल्या जात, साठविलेली वीज सुटे, आणि एक आघात नोंदला जाई. येथें एक अडचण होती. एकदां भोंक पडलेला कंडेन्सर कायमचा निकामी झाला तर काय करावयाचें? तिचा परिहार तांब्याच्या पातळपणानें झाला. ठिणगी उडतांच भोंकाच्या कडेचें तांबें जळून उडून जाई, जोड तुटे, आणि कंडेन्सर पुन्हा भरून पुढील आघातासाठीं सज्ज होई. यंत्राची जखम यंत्रानेंच बरी करावी, ही योजना कोणासहि आवडेल अशी आहे. अल्युमिनियमची जाडी तीन प्रकारची ठेविली होती, ०.०४, ०.२ आणि ०.४ मिलिमीटर, त्यामुळें कोणता कण किती खोल जाऊं शकतो याचा अंदाज बसे. ज्या ध्वनिग्राहकांनीं घाबरवून सोडलें होतें, त्यांच्यापेक्षां या पंखांचा कौल पुष्कळच सौम्य निघाला, आणि अपोलो यानाच्या भिंतीविषयींची धास्ती निवाली.

कंडेन्सरची हीच युक्ति पुढें सूक्ष्म रूपांत वापरण्यांत आली. एप्रिल १९८४ मध्यें चॅलेंजर यानानें एक मोठा बाराकोनी पिंजरा अवकाशांत सोडला. तो वर्षभरानें परत आणावयाचा होता. परंतु १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेनें सारे बेत विसकटले, आणि तो जानेवारी १९९० मध्यें, पावणेसहा वर्षांनीं, ‘कोलंबिया’ यानानें उतरवून आणला. त्याच्या पृष्ठभागावर नुसत्या डोळ्यांस दिसणारीं तीस हजारांहून अधिक विवरें मोजतां आलीं. परंतु खड्डे मोजून एवढेंच कळतें कीं मारा झाला. केव्हां झाला तें कळत नाहीं. सुदैवानें त्या पिंजऱ्यावर सिलिकॉनच्या चकत्यांचे शेंकडों लहान कंडेन्सर होते, आणि त्यांनीं पहिल्या वर्षाभरांत प्रत्येक आघाताची वेळ टिपून ठेविली होती. ती टिपणें पाहतां निराळेंच चित्र दिसलें. कण पावसाच्या रिपरिपीसारखे एकसारखे येत नव्हते. ते झुंडीनें येत होते. कांहीं झुंडी तर प्रत्येक प्रदक्षिणेंत कक्षेच्या ठराविक ठिकाणींच भेटत. एखाद्या अग्निबाणाच्या धुराड्यांतून किंवा फुटक्या उपग्रहांतून सुटलेला कचरा एखाद्या ढगासारखा फिरत असतो आणि यान त्यांतून पुन्हापुन्हा जातें, हें नुसत्या खड्ड्यांवरून कोणासहि सांगतां आलें नसतें.

याच दशकांत शिकागो विद्यापीठांतील सिम्सन व टुझोलिनो यांनीं एका विशेष जातीच्या प्लास्टिकची पातळ चकती या कामीं आणली. या प्लास्टिकच्या सर्व रेणूंचीं धन व ऋण टोंकें आधींच एका दिशेस वळवून ठेवलेलीं असतात. कणानें भोंक पाडलें कीं तेवढे रेणु उडून जातात, आणि तेवढा विद्युद्भार एकाएकीं मोकळा होतो. भोंक जितकें मोठें तितका स्पंद मोठा. बाहेरून विजेचा दाब देण्याची गरजच नाहीं. १९८६ सालीं हॅलेच्या धूमकेतूस भेटलेल्या रशियाच्या ‘व्हेगा’ यानांवर या चकत्या होत्या.

या प्लास्टिकचें एक उपकरण शिक्षकांनीं व विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें असें आहे. जानेवारी २००६ मध्यें प्लूटोकडे निघालेल्या ‘न्यू होरायझन्स’ यानावरील धूळमापक अमेरिकेच्या कोलोरॅडो विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं स्वतः बनविलें. त्याला नांव दिलें आहे व्हेनेशिया बर्नी हिचें. १९३० सालीं अकरा वर्षांच्या या इंग्रज मुलीनें नव्या ग्रहास प्लूटो हें नांव सुचविलें होतें. या मापकावर चौदा चकत्या आहेत. त्यांतील बारा उघड्या आहेत, आणि दोन मुद्दाम झांकून ठेवलेल्या आहेत. झांकलेल्यांवर धूळ पडणें शक्य नाहीं. म्हणून त्यांनीं जर कांहीं नोंदविलें, तर ती यानाचीच कुरकुर होय, असें समजून तेवढा हिशेब वजा करावयाचा. निल्सनच्या प्रयोगाचा धडा विद्यार्थ्यांनीं अशा रीतीनें पाठ केला. नेपच्यूनच्याहि पलीकडे धूळ अपेक्षेपेक्षां अधिक आढळते, असें या मापकाच्या नोंदींवरून २०२४ सालीं प्रसिद्ध झालें.

विद्युद्भारित वाफेच्या खुणेचा शोध एका अर्थीं आपोआप लागला. ‘व्हॉयेजर-२’ यान २६ ऑगस्ट १९८१ रोजीं शनीच्या कड्यांची पातळी ओलांडून गेलें, तेव्हां निराळ्याच कामासाठीं बसविलेल्या त्याच्या एरियलमध्यें खरखरीचा एकच कल्लोळ उठला. प्रत्येक कण यानावर फुटून वाफेचा ढग उडवीत होता आणि एरियल तो विजेच्या रूपानें टिपीत होती. या खरखरीचा ध्वनि करून ऐकला असतां पत्र्यावर गारा पडल्याचा भास होतो. पुढें २६ एप्रिल २०१७ रोजीं ‘कॅसिनी’ यान शनि व त्याचीं कडीं यांमधील फटींत शिरलें, त्या वेळीं आपली मोठी तबकडी ढालीसारखी पुढें धरून तें गेलें होतें. तेथें गारांचा मारा होईल अशी अपेक्षा होती. ऐकूं आलें तें जवळजवळ मौन. ती फट बहुतांशीं रिकामीच निघाली.

धक्क्याच्या खुणेचा उपयोग क्वचितच होतो, परंतु तोहि झालेला आहे. ‘लिसा पाथफाइंडर’ हें युरोपचें यान इतकें स्थिर ठेवावें लागे कीं त्याचीं सूक्ष्म धक्कायंत्रें सदैव त्यास सांवरीत असत. त्यांनीं केव्हां एकाएकीं जास्त जोर लावला हें पाहून शास्त्रज्ञांनीं ५४ कणांचे आघात हुडकून काढले.

एवढी साधनें असतांहि पृथ्वीजवळच्या मिलिमीटरभर कचऱ्याची मोजणी अपुरीच आहे. ती भरून काढण्यासाठीं नासानें एक चौरस मीटरचा एक फलक आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाच्या ‘कोलंबस’ कक्षावर बाहेरून बसविला. १ जानेवारी २०१८ पासून तो काम करूं लागला. त्यांत दोन पातळ पापुद्रे एकमेकांपासून १५ सेंटिमीटरवर आणि त्यांमागें एक भक्कम पाट होता. पहिल्या पापुद्र्यावर केसाएवढ्या रुंदीच्या वाहक रेषा आंखलेल्या होत्या. किती रेषा तुटल्या त्यावरून भोंकाची रुंदी कळावी. दोन्ही पापुद्र्यांवर ध्वनिग्राहक होते. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जाण्यास लागलेल्या वेळावरून वेग व दिशा कळावी. हा वेळ म्हणजे एका सेकंदाचे दहा लक्ष भाग करून त्यांतील पंधरा! पाटावर बसलेल्या ठोक्यावरून ऊर्जा काढावयाची होती. आकार, वेग, दिशा व ऊर्जा एकत्र कळली म्हणजे कण हलका कीं जड, तो रंगाचा पोपडा कीं पोलादाचा तुकडा, हेंहि उमगावें. आजवर योजलेल्या उपकरणांत हें सर्वांत विचारपूर्वक केलेलें म्हणावें लागेल. दोन-तीन वर्षें चालावें म्हणून पाठविलेलें हें उपकरण सुमारें २६ दिवसांत बंद पडलें.

उपकरण नसलें म्हणजे काय होतें, याचीं उदाहरणें दूरचीं नाहींत. २३ ऑगस्ट २०१६ रोजीं युरोपच्या ‘सेंटिनेल-१ए’ उपग्रहाची वीज एकाएकीं किंचित् घटली आणि तो थोडा डगमगला. केवळ योगायोगानें त्यावर एक कॅमेरा होता. तो बसविला होता पंख नीट उघडतात कीं नाहीं हें एकदांच पाहण्यासाठीं. तो पुन्हा चालू केला तेव्हां पंखावर सुमारें ४० सेंटिमीटरचा डाग दिसला. ३० ऑगस्ट २०१८ रोजीं स्थानकाला जोडलेल्या एका सोयुझ यानांतून हवा गळत असल्याचें आढळलें. प्रथम सर्वांनीं उल्काकणावर ठपका ठेविला. जवळून पाहतां तें दोन मिलिमीटरचें भोंक चक्क ड्रिलनें पाडलेलें निघालें. याच्या उलट डिसेंबर २०२२ मध्यें दुसऱ्या एका सोयुझच्या शीतकरण-नळींतील द्रव बाहेर उसळला. भोंक होतें एक मिलिमीटरहूनहि लहान, आणि रशियन तज्ज्ञांनीं तें उल्काकणाचेंच असल्याचें सांगितलें. कण लागला तेव्हां कोणासहि कळलें नाहीं. दाब उतरूं लागला तेव्हां कळलें. त्यांतील तिघां प्रवाशांसाठीं दुसरें यान रिकामें पाठवावें लागलें, आणि ते सहा महिन्यांऐवजीं वर्षाहून अधिक काळानें, सप्टेंबर २०२३ मध्यें, घरीं परतले.

‘कोलंबिया’ची हकीकत याहून जिव्हारीं लागणारी आहे. १६ जानेवारी २००३ रोजीं उड्डाणानंतर ८२ व्या सेकंदास बाहेरच्या टाकीवरील फेसाळ आवरणाचा एक तुकडा डाव्या पंखावर आदळला. तें चित्रफितींत दिसलें होतें. पण पंखास इजा किती झाली हें सांगणारें कांहींहि जमिनीवरील अभियंत्यांच्या हातीं नव्हतें, आणि वाद अंदाजांवर चालला. १ फेब्रुवारीस परततांना यान जळून विखुरलें; कर्नालची कल्पना चावला व तिचे सहा सहकारी मृत्यु पावले. पुढें टेक्ससमध्यें अवशेषांत यानावरील नोंदपेटी शाबूत सांपडली. डाव्या पंखाच्या कडेमागील एका संवेदकानें परतीच्या प्रारंभींच अनैसर्गिक ताण नोंदविला होता. परंतु ती नोंद पेटींतच राहत असे, जमिनीवर पाठविली जात नसे. जुलै २००५ मध्यें यानें पुन्हा उडूं लागलीं, तेव्हां प्रत्येक पंखाच्या कडेमागें ६६ कंपनमापक व २२ उष्णतामापक बसविलेले होते, आणि त्यांच्या नोंदी प्रवासांतच खालीं येत असत. २०११ सालीं तीं यानें निवृत्त होईपर्यंत ही व्यवस्था चालू होती.

हिंदुस्थानांतहि या विद्येस आरंभ झाला आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेनें ‘डेक्स’ नांवाचें अवघें तीन किलो वजनाचें धूळमापक तयार केलें. त्यास साडेचार वॅट वीज पुरते, म्हणजे रात्रीं जळत ठेवावयाच्या छोट्या दिव्याइतकी. कण आदळून उडालेल्या विद्युद्भारित वाफेवर तें चालतें. १ जानेवारी २०२४ रोजीं श्रीहरिकोटा येथून उडालेल्या पी. एस. एल. व्ही. अग्निबाणाचा शेवटचा टप्पा, काम संपल्यावर टाकून न देतां, अशा लहान उपकरणांसाठीं फिरती प्रयोगशाळा म्हणून वापरण्यांत आला. त्यावर ‘डेक्स’ बसविलेलें होतें. सुमारें ३५० किलोमीटर उंचीवर त्यानें साधारण हजार सेकंदांस एक या प्रमाणांत कण टिपले. हा टप्पा मुद्दाम खालच्या कक्षेंत उतरविलेला होता. २१ मार्च २०२४ रोजीं तो उपकरणांसह वातावरणांत शिरून जळाला, आणि मोजून झालेल्या कचऱ्यांत त्याची स्वतःची भर पडली नाहीं.